‘संयुक्त’ नेमकं कुठे लिहायचं? कंपाउंड, कॉम्प्लेक्स, कंपोझिट, असेंब्ली यांचा मराठी अनुवाद (चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

पानटीप

तांत्रिक पत्रकांच्या अनुवादात एक अडचण पुन्हा पुन्हा येते. अनेक भाग मिळून झालेल्या वस्तूसाठी इंग्रजीत शब्दांची रांगच आहे: कंपाउंड, कॉम्प्लेक्स, कंपोझिट, अ‍ॅग्रीगेट, असेंब्ली, सेट, किट, मॉड्यूल. त्या वस्तूतल्या भागांनाही पार्ट, कंपोनंट, कॉन्स्टिट्युअंट, इन्ग्रीडिएंट अशी वेगवेगळी नावं. मराठी अनुवाद मात्र बहुतेक वेळा ‘संयुक्त’ आणि ‘घटक’ या दोन शब्दांवर भागवलेले दिसतात, आणि वाचणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही.

सध्या पुढ्यात असलेली वाक्यं अशी:

१. पंपाच्या पुस्तिकेत: सील असेंब्ली पूर्ण बदला, आतले कंपोनंट वेगवेगळे बदलू नका.
२. खताच्या पत्रकात कॉम्प्लेक्स फर्टिलायझर आणि मिक्स्ड फर्टिलायझर एकाच परिच्छेदात आले आहेत.
३. हिंगाच्या डबीवर कंपाउंडेड अ‍ॅसाफोटिडा.
४. चिकटद्रव्याच्या डब्यावर टू-पार्ट अ‍ॅडहेझिव्ह, आणि त्याच्याच खाली टू पार्ट्स रेझिन, वन पार्ट हार्डनर.
५. पुरवठ्याच्या करारात: किट कम्प्रायझेस अमुक, तमुक आणि अमुक.

कोशात प्रत्येकापुढे तेच पाच-सहा प्रतिशब्द फिरून येतात. निवड कशावरून करायची?

रसायनवही

कोश बाजूला ठेवून आधी वस्तू हातात घ्या. एकत्र आल्यावर भागांचं काय होतं, एवढंच विचारा. शब्द त्यावरून ठरतो.

भाग आपले मूळ गुण गमावतात आणि प्रमाण पक्कं असतं, तेव्हा ते रसायनशास्त्रातलं कंपाउंड, म्हणजे ‘संयुग’. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन वस्तुमानाने १:८ असतात. पाणी विहिरीचं असो की पावसाचं, हे प्रमाण हलत नाही, आणि गाळून किंवा उकळून ते दोघे वेगळे होत नाहीत. पितळेचं तसं नाही. तांबं आणि जस्त यांचं प्रमाण कामाप्रमाणे कमीजास्त करतात, म्हणून पितळ हे संयुग नव्हे, ‘संमिश्र’. हा शब्द शाळेच्या पुस्तकांत अ‍ॅलॉयसाठी रुळला आहे. त्यामुळे कंपोझिट मटेरियलला ‘संमिश्र’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धातू येतो.

कंपोझिटमध्ये भाग एकमेकांत विरघळत नाहीत. कुडाची भिंत आठवा. कारवीच्या नाहीतर तुरीच्या काठ्या भिंतीला उभं धरतात, शेणमाती फटी बुजवते आणि वारा अडवते. सारवण झडलं की काठ्या दिसायला लागतात, म्हणजे दोन्ही आपापल्या जागी तसेच आहेत. फायबरग्लासचंही असंच आहे. काचेचे धागे ताण घेतात, राळ त्यांना जागेवर धरते. धागा आणि राळ यांची पकड सुटली की थर उकलतात, आणि कंपोझिट अनेकदा तिथेच निकामी होतं. इथे मी ‘कंपोझिट’ तसाच ठेवतो आणि पहिल्यांदा आला की ‘काचेचे धागे आणि राळ मिळून बनवलेलं’ अशी फोड करून देतो. एकदा फोड दिली की पुढे शब्द अडत नाही.

तुमची हिंगाची डबी. कंपाउंडेड म्हणजे इथे संयुग अजिबात नाही. शुद्ध हिंग फार उग्र आणि चिकट असतो, म्हणून त्यात खाण्याचा डिंक, स्टार्च किंवा धान्याचं पीठ घालून तो वापरण्याजोगा करतात. बांधणी हिंग म्हणतात तो हाच. क्रियापद म्हणून कंपाउंड करणे याचा जुना अर्थ मापाने मिसळणे. दवाखान्यातला कंपाउंडर हे नाव त्यातूनच आलं आहे. डबीवर ‘मिश्रित हिंग’ लिहा आणि पीठ कसलं आहे ते घटकांच्या यादीत स्पष्ट येऊ द्या, कारण गव्हाचं पीठ असेल तर ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी ती पथ्याची बाब आहे.

बेकरीतलं ‘कंपाउंड’ पुन्हा निराळं. डार्क कंपाउंडच्या लादीत कोकोबटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. त्यामुळे ते वितळवून टेंपरिंग (वितळलेलं चॉकलेट ठरावीक तापमानांना नेणं) न करता वापरता येतं. त्याचा अनुवाद करूच नका. दुकानात ते कंपाउंड म्हणूनच मिळतं.

भिंतीचं कंपाउंड मात्र या यादीतून काढून टाका. तो शब्द बहुधा मलय भाषेतल्या कांपुंगवरून इंग्रजीत आला. भाग जोडण्याशी त्याचा संबंध नाही.

लॅटिन मुळं माहीत असली तर निवड सोपी होते. कंपाउंड, कंपोझिट, कंपोनंट तिन्ही एकाच क्रियापदातून आले, अर्थ ‘एकत्र मांडणे’. कॉम्प्लेक्स निघाला तो विणणे, वेणी घालणे या अर्थाच्या धातूतून. अ‍ॅग्रीगेटच्या पोटात कळप आहे, काँग्लोमरेटच्या पोटात सुताचा गुंडा. मांडलेलं उचलता येतं, कळपातलं मेंढरू वेगळं होऊ शकतं, पण वेणीतला एक पेड काढला तर वेणीच सुटते. कॉम्प्लेक्सला ‘गुंतागुंतीचा’ हा शब्द म्हणूनच छान बसतो. फक्त तो सगळीकडे चालत नाही: इमारतींचं ‘संकुल’, गणितातली ‘संमिश्र संख्या’ आणि औषधाच्या दुकानातलं बी-कॉम्प्लेक्स हे ठरलेले शब्द आहेत.

व्याकरणात हा फरक फार नेमका दिसतो. ‘ढग आले आणि पाऊस पडला’ हे कंपाउंड, म्हणजे संयुक्त वाक्य. दोन्ही अर्धी स्वतःच्या पायावर उभी आहेत. ‘जेव्हा ढग येतात तेव्हा पाऊस पडतो’ हे कॉम्प्लेक्स, म्हणजे मिश्र वाक्य. पहिलं अर्धं एकटं सोडलं तर लटकतं.

पाना१२

यंत्रांच्या पुस्तिकेत ‘संयुक्त’ हा शब्द येऊच देऊ नका. वर्कशॉपमध्ये तो कोणी बोलत नाही.

पार्ट म्हणजे आणखी सुटा न होणारा तुकडा: बोल्ट, वॉशर, बुश. कंपोनंट म्हणजे ज्याला स्वतःचं काम आहे तो भाग, मग तो आतून पाच तुकड्यांचा का असेना. बेअरिंग हा कंपोनंट, त्यातली गोळी हा पार्ट. असेंब्ली म्हणजे जोडून, कसून तयार झालेला गट. ‘जुळणी’ हा शब्द क्रियेसाठी उत्तम आहे, पण वस्तूसाठी वापरला की गोंधळ होतो. ‘सील जुळणी बदला’ वाचून माणूस सील बदलायच्या ऐवजी त्याची बैठक बदलायला जाईल. वस्तूसाठी ‘पूर्ण सील’ किंवा सरळ ‘सील असेंब्ली’ लिहा.

पहिल्या वाक्याचं कारणही अनुवादात यायला हवं. मेकॅनिकल सीलमध्ये एक फिरता फेस (face, म्हणजे टेकणारा पृष्ठभाग) आणि एक स्थिर फेस असतो, मागे स्प्रिंग आणि रबरी भाग. दोन्ही फेस एकमेकांवर घासून एकमेकांना जुळलेले असतात. जुन्या फेसवर नवा फेस बसवला तर दोघांमध्ये फट राहते आणि पंप सुरू केल्यावर थेंब गळायला लागतात. नवा सील बसवताना फेसला बोट लावायचं नाही, तेलकट डाग किंवा धुळीचा कण मध्ये राहिला तरी गळती होते. आणि पंप कोरडा चालवायचा नाही. दोन फेसमधला पाण्याचा पातळ थरच वंगणाचं काम करतो, तो नसेल तर फेस तापून तडकतात.

सेट आणि किट यांत लोक फार घोळ करतात. किट म्हणजे सुटे भाग एका पाकिटात, अजून जोडलेले नाहीत. गॅस्केट किट, दुरुस्तीचं किट. सेट म्हणजे एकमेकांशी जुळणारे आणि एकत्रच बदलायचे भाग. मोटरसायकलचा चेन सेट घ्या: चेन, पुढचं दातेरी चाक, मागचं दातेरी चाक. वापराने चेनच्या पिना झिजून ती लांबते आणि चाकाचे दाते आकड्यासारखे वाकडे होतात. जुन्या दात्यांवर नवी चेन टाकली तर ती थोड्याच दिवसांत खराब होते. म्हणून सेट. ‘संच’ हा शब्द मी फक्त या अर्थासाठी राखून ठेवतो आणि किटला ‘किट’च म्हणतो.

मॉड्यूलमध्ये महत्त्वाचं असतं ते माप. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘छोटं माप’ आहे. घरातला मॉड्युलर स्विचबोर्ड पाहा. आठ मॉड्यूलच्या प्लेटमध्ये चार स्विच चार जागा घेतात, ६ अँपिअरचं सॉकेट दोन, आणि दोन मॉड्यूलचा रेग्युलेटर उरलेल्या दोन. गणित जुळलं. यातला एक स्विच काढून त्याच जागी बेल-पुश बसवता येतो, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. मॉड्युलर किचनच्या खणांचंही तसंच आहे, रुंदी ठरावीक मापांची असते. त्यामुळे मॉड्यूलला नुसतं ‘विभाग’ म्हटलं तर निम्मा अर्थ गेला. ‘ठरावीक मापाचा, काढून-बसवता येणारा भाग’ असं एकदा सांगा आणि पुढे मॉड्यूलच लिहा.

जाता जाता: जुन्या टीव्हीच्या मागे कंपोझिट आणि कंपोनंट हे दोन्ही शब्द असतात. कंपोझिटला चित्रासाठी एकच पिवळी पिन, कारण उजेड आणि रंग एकाच सिग्नलमध्ये घातलेले असतात. कंपोनंटला हिरवी, निळी आणि लाल अशा तीन पिना, कारण ते वेगळे ठेवलेले असतात. पुस्तिकेत दोन्हींना ‘घटक व्हिडिओ’ लिहिलं तर जोडणारा माणूस पिवळी पिन भलत्याच भोकात घालणार. इथे रंग लिहा, तेवढं पुरतं.

सरळखत

दुसऱ्या वाक्याबद्दल. शेतीत हे शब्द ठरलेले आहेत: स्ट्रेट म्हणजे सरळ खत, कॉम्प्लेक्स म्हणजे संयुक्त खत, मिक्स्ड म्हणजे मिश्र खत. युरिया (नत्र ४६ टक्के) हे सरळ. १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) हे संयुक्त. ५० किलोच्या गोणीत नत्र ५ किलो, स्फुरद १३ किलो, पालाश १३ किलो.

फरक दाण्याचा आहे. संयुक्त खत कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने तयार होतं आणि प्रत्येक दाण्यात त्या खतातली सगळी अन्नद्रव्यं असतात. मुठीत कुठलाही दाणा घ्या, आत तेच. नुसती वेगवेगळी दाणेदार खतं कोरडी एकत्र केली तर तसं होत नाही. दाण्यांचा आकार आणि वजन वेगळं असेल तर वाहतुकीत गचके बसून बारीक दाणे तळाशी जातात. मग गोणीच्या वरच्या भागातून टाकलेल्या सरीला एक अन्नद्रव्य जास्त मिळतं आणि तळाच्या भागातल्या सरीला दुसरं.

शेतावर मिश्रण करणाऱ्यासाठी पत्रकात एक ओळ जरूर ठेवा: युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेट मिसळलं तर लगेच टाकायचं, साठवायचं नाही. दोन्हींच्या अभिक्रियेत पाणी सुटतं, खत ओलसर होतं आणि गोळे बनतात.

खताच्या पत्रकात कॉम्प्लेक्सला ‘गुंतागुंतीचं’ लिहू नका हे सांगायला नको, पण यंत्राने केलेल्या अनुवादात ते हमखास येतं, तेवढं तपासा.

बेलदल

वनस्पतिशास्त्राची थोडी भर. कंपाउंड लीफ म्हणजे संयुक्त पान, इथे ‘संयुक्त’ अगदी योग्य. बेलाची तीन दलं म्हणजे तीन पानं नव्हेत, पान एकच आणि पर्णिका तीन. ओळखायचं कसं? देठ जिथे फांदीला टेकतो त्या बगलेत कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी कळी नसते. कडुनिंबाचा ‘पाला’ तोडताना आपण जी काडी तोडतो, ते एक अख्खं पान असतं.

फळांत जास्त जपून. सीताफळ हे अ‍ॅग्रीगेट, म्हणजे घोसफळ: एकाच फुलातल्या अनेक सुट्या किंजदलांची (फुलाच्या स्त्रीभागांची) फळं एकत्र वाढतात, म्हणून वरचे डोळे. फणस हे संयुक्त फळ: तिथे अख्खा फुलोराच एक फळ होतो आणि एकेक गरा एकेका फुलाचा. सीताफळाला संयुक्त आणि फणसाला घोसफळ लिहिलेलं बरेचदा दिसतं. दोन्ही चूक.

सूर्यफूल हे कंपोझिट. ज्याला फूल म्हणतो ते स्तबक आहे. कडेची पिवळी पाकळी हे एक फूल, आणि मधल्या तबकातला प्रत्येक ठिपका हेही एक फूल. बी त्या मधल्या फुलांची होते. बियाण्याच्या माहितीपत्रकात ‘प्रत्येक फुलामागे इतक्या बिया’ असं वाक्य आलं तर आधी मूळ इंग्रजीत स्तबकाची गोष्ट आहे की एका फुलाची, ते बघा.

कलम_उपकलम

करारात आणि कायद्यात हे शब्द पैशाचे असतात, म्हणून सविस्तर.

वस्तू आणि सेवा कराच्या २०१७ च्या केंद्रीय अधिनियमात कंपोझिट सप्लाय आणि मिक्स्ड सप्लाय अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत, कलम २ चे खंड ३० आणि ७४. कंपोझिट म्हणजे व्यवहारात स्वभावतःच एकत्र येणाऱ्या गोष्टी, ज्यांत एक मुख्य असते. माल, त्याचं पॅकिंग, वाहतूक आणि विमा हे एकत्र असलं तर मुख्य पुरवठा माल. मिक्स्ड म्हणजे स्वतंत्र विकता येतील अशा वस्तू एका किमतीला बांधलेल्या. दिवाळीची भेटपेटी घ्या: मिठाई, चॉकलेट, सुकामेवा, फळांचा रस. कलम ८ प्रमाणे पहिल्याला मुख्य वस्तूचा दर लागतो, दुसऱ्याला आतल्या वस्तूंतला सर्वात चढा दर. दोन्हींना ‘मिश्र पुरवठा’ लिहिलं की बिलाचा दरच बदलतो. पहिल्याला ‘संयुक्त पुरवठा’, दुसऱ्याला ‘मिश्र पुरवठा’ लिहा आणि दस्तऐवजाच्या सुरुवातीला व्याख्या द्या.

आता तुमचं कम्प्राइज. यात पूर्ण वस्तू कर्ता असते आणि भाग कर्म. कंपोजमध्ये उलट, भाग मिळून पूर्ण होतं. मराठीत हा पेच येत नाही, कारण आपण ‘किटमध्ये पुढील वस्तू आहेत’ असं म्हणतो. पेच आहे तो यादी बंद की उघडी याचा. ‘पुढील वस्तू आहेत’ असं म्हटलं तर बंद. ‘पुढील वस्तूंचा समावेश आहे’ म्हटलं तर उघडी, आणखीही काही असू शकतं. अमेरिकी पेटंटच्या दाव्यांत मात्र ठरलेलं वळण आहे: तिथे कम्प्रायझिंग उघडं धरतात आणि कन्सिस्टिंग ऑफ बंद. पुरवठ्याच्या करारात मूळ लेखकाला विचारून घ्या आणि बंद यादी हवी असेल तर ‘फक्त’ किंवा ‘एवढ्याच’ घालायला लाजू नका.

कायद्याच्या व्याख्यांतही मीन्स आणि इन्क्लूड्स यांत हाच भेद आहे, ‘म्हणजे’ आणि ‘यात समावेश होतो’.

आणखी एक जागा, जिथे पाय घसरतो. कंपाउंडेबल ऑफेन्स म्हणजे अनेक भागांचा गुन्हा नव्हे. पक्षांना आपसात मिटवता येणारा अपराध. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५९ पाहा. इथे ‘संयुक्त गुन्हा’ लिहिलं तर आरोपी एकाहून अधिक आहेत असा अर्थ वाचला जाईल.

पानटीप

फार उपयोग झाला. चौथं वाक्य राहिलं, चिकटद्रव्याचं. तिथे ‘दोन भागी चिकटद्रव्य’ आणि ‘दोन भाग राळ’ असं लिहिलं, पण वाचताना दोन्ही ‘दोन भाग’ एकच वाटतात.

रसायनवही

ते एक मानूच नका. पहिल्या ठिकाणी पार्ट म्हणजे पदार्थ, दुसऱ्या ठिकाणी पार्ट म्हणजे माप. पहिलं ‘दोन डब्यांचं चिकटद्रव्य, डबा अ राळ, डबा ब हार्डनर’ असं लिहा. दुसरं ‘राळ २ माप, हार्डनर १ माप’. आणि माप वजनाने की आकारमानाने, हे त्याच ओळीत हवं. राळ आणि हार्डनर यांची घनता वेगळी असते, त्यामुळे वाटीने मोजलेलं २:१ आणि काट्यावर मोजलेलं २:१ सारखं नसतं. मूळ पत्रकात ते लिहिलेलं नसेल तर अंदाजाने घालू नका, उत्पादकाकडून घ्या.

इपॉक्सी असेल तर आणखी एक वाक्य: हार्डनर जास्त घातला म्हणून ते लवकर सुकत नाही. दोन्ही ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात. जे उरतं ते तसंच आत राहतं आणि सांधा मऊ किंवा चिकट राहतो. पॉलिएस्टर राळेत वेगळं आहे. तिथला हार्डनर साधारण १ ते २ टक्के एवढाच असतो, अभिक्रिया सुरू करून देणारा, आणि त्याच्या कमीजास्त प्रमाणाने सुकण्याचा वेळ बदलतो. त्यामुळे पॉलिएस्टरच्या पत्रकातला हार्डनर ‘मुख्य घटक’ म्हणून लिहू नका.

पानटीप

अशी वाक्यं केली आहेत, एकदा बघाल का?

‘सील असेंब्ली पूर्ण बदला. आतले भाग सुटे सुटे बदलल्यास फेस जुळत नाहीत आणि गळती होते.’
‘संयुक्त खताच्या प्रत्येक दाण्यात त्यातली सगळी अन्नद्रव्ये असतात, मिश्र खतात ती वेगवेगळ्या दाण्यांत असू शकतात.’
‘मिश्रित हिंग. घटक: गव्हाचे पीठ, खाण्याचा डिंक, हिंग.’
‘दोन डब्यांचे इपॉक्सी चिकटद्रव्य. राळ २ माप, हार्डनर १ माप, आकारमानाने.’
‘दुरुस्ती संचात फक्त पुढील वस्तू आहेत.’

पाना१२

शेवटच्या ओळीत ‘संच’ काढा, ‘दुरुस्ती किट’ करा. संच वाचला की माणूस सगळंच्या सगळं एकदम बदलायचं समजतो, आणि यातला खराब झालेला एकच ओ-रिंग बदलून काम होत असेल तर उगाच बाकीचं उघडेल. बाकी चार ओळी छापायला द्या.

रसायनवही

हिंगाच्या ओळीत घटकांचा क्रम मात्र पाकिटावरच्या मूळ यादीवरून ताडून घ्या. सर्वात जास्त असलेला आधी आणि मग उतरत्या प्रमाणात, असा तो क्रम असतो. अनुवाद करताना हिंग हे नाव मोठं म्हणून ते पुढे आणू नका.